ओळखीचंच बाधतं

आईला सुंगटं, म्हणजे कोळंबी, बाधायला लागली तेव्हा तिची पन्नाशी उलटून गेली होती. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेली, लग्न होऊन जवळच्याच वाडीत आलेली बाई. मासळीवाली दारात टोपली उतरवायची तेव्हा सुंगटं आजची की कालची, हे आई हात न लावता नुसत्या नजरेने सांगायची. तिच्या हातच्या सुक्याचं नाव वाडीभर होतं. आषाढातल्या एका दुपारी खाडीची सुंगटं जेवून ती उठली आणि ओठांना मुंग्या आल्या, कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या, मानेवर आणि पोटावर गांध्या उठल्या. आजीने आमसुलं भिजत घालून ते पाणी तिच्या अंगाला चोळलं. "पित्त उठलाहा तुझा, उपाशी रवतंस म्हणान," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं आणि विसरलंही गेलं.

दिवाळीच्या सुमाराला पुन्हा तेच झालं. या वेळी घसा आवळल्यासारखा झाला, आवाज घोगरा झाला. आम्ही घाबरलो. आई मात्र मानायला तयार नव्हती. "इतकी वर्सां खातंय, माका काय एक होवचा नाय." या बोलण्यात हट्टापेक्षा हिशोब जास्त होता. जे पन्नास वर्षं अंगात मुरलं ते अंगावर कसं उलटेल? मला वाटतं, हा हिशोब आपल्या सगळ्यांच्याच मनात असतो. जुन्या माणसांवर, जुन्या वाटांवर, जुन्या चवींवर आपण याच हिशोबाने विसंबतो. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत मात्र तो लागू पडत नाही. अ‍ॅलर्जीला आधी ओळख लागते. ज्याची शरीराशी कधी गाठच पडलेली नाही, त्यावर शरीर चिडत नाही.

हे माणसाला उमगलं ते एका समुद्रसफरीच्या निमित्ताने. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. परत आल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचं विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून पाहिलं. अपेक्षा अशी की पहिल्या मात्रेने शरीर सरावेल आणि दुसरी सहज सोसेल. घडलं उलटं. पहिल्या मात्रेतून बरा झालेला, धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी छोट्या मात्रेने काही मिनिटांत कोसळला. शरीराला सवय लागण्याऐवजी ते हळवं झालं होतं. रिशे यांना या कामासाठी १९१३ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याहून मला जवळचा वाटतो तो १९२१ सालचा प्रयोग, कारण त्यात मासळी आहे. हाइन्झ क्युस्टनर या जर्मन डॉक्टरांना शिजवलेल्या माशाची अ‍ॅलर्जी होती. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना मासा निर्धास्त चालत असे. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनरच्या रक्तातला पाण्यासारखा अंश, म्हणजे सीरम, स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तेवढ्याच जागेवर गांधी उठली. एका माणसाची मासळीविषयीची आठवण दुसऱ्याच्या हातावर उमटली होती. रक्तातलं ते काय आहे, हे कळायला मात्र पुढची पंचेचाळीसेक वर्षं गेली. १९६६-६७ च्या सुमाराला अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिख हे संशोधक वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचले. रक्तातलं ते म्हणजे एक प्रतिपिंड होतं, त्याला आज आयजीई म्हणतात. एखाद्या पदार्थाची ओळख झाली, शरीराने तो घातक ठरवला, की त्याच्या नावाचं आयजीई तयार होतं आणि कातडीत, नाकात, श्वासनळीत, आतड्यात बसलेल्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटतं. पुढच्या भेटीत तो पदार्थ या पेशींना भिडला की त्या हिस्टामिन आणि इतर रसायनं ओततात. गांधी, सूज, शिंक, धाप या सगळ्यांमागे हाच प्रकार.

पण पन्नाशीतच का? आईची तपासणी कोल्हापुरात झाली. हाताच्या आतल्या बाजूला थेंबांची ओळ, प्रत्येक थेंबातून एक बारीक टोचणी, आणि मग पंधरा-वीस मिनिटं वाट. सुंगटाच्या थेंबाखाली गांधी फुगली, कुर्लीच्या म्हणजे खेकड्याच्याही. आणखी एक थेंब तसाच फुगला, घरातल्या धुळीतल्या माइटचा. डोळ्यांना न दिसणारा हा आठ पायांचा जीव आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. गादीत, उशीत, गोधडीत राहतो आणि दमट हवेत फोफावतो. आमचं घर मातीच्या भिंतींचं आणि नळ्यांचं, पावसाळ्याचे चार महिने अंथरुणं ओलसरच असायची. आईला सकाळी उठल्या उठल्या शिंका यायच्या, त्या आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. घड्याळासारख्या धरून चालत होतो.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. सुंगटाच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन असतं, शिजवूनही न मोडणारं. माइटच्या अंगातही त्याचाच भाऊबंद असतो, झुरळाच्याही. वर्षानुवर्षं श्वासातून माइट घेणाऱ्या शरीराने त्या प्रथिनाशी वैर धरलं, तर एक दिवस ताटातल्या सुंगटातही त्याला तोच चेहरा दिसू शकतो. आईच्या बाबतीत असंच झालं, हे कुणी सिद्ध करून दाखवू शकणार नाही. पण कवचवाल्या मासळीची अ‍ॅलर्जी बहुतेकदा मोठेपणीच सुरू होते आणि एकदा आली की सहसा जात नाही, हे जगभरच्या डॉक्टरांच्या अनुभवाचं आहे. सुरमई, बांगडा, पेडवे तिला चालत राहिले, कारण काटेरी माशातलं बाधणारं प्रथिन वेगळं असतं. सुंगटं मात्र सुटली. वहिनी मागीलदारी वेगळ्या चुलीवर ती शिजवायची, कारण वाफेनेही आईचे डोळे चुरचुरायचे. आई पडवीत बसून मीठ-कोकम किती घालायचं ते सांगायची. स्वतः सांगून करवलेलं स्वतः न खाणं तिने निभावलं. पण सुक्याची चव बघायला दुसऱ्या कुणाला बोलवावं लागे, याचं तिला जे वाटायचं ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

बांगड्याचं एक सांगायला हवं, कारण किनारपट्टीवर यात घोटाळा होतो. बांगडा, ट्यूना अशी मासळी पकडल्यावर उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिली तर तिच्या मांसातच हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. असा बांगडा खाल्ला की चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ उठतं. दिसायला सगळं अ‍ॅलर्जीसारखं. पण त्या पंक्तीत जेवलेल्या चौघांनाही तेच झालं असेल तर दोष शिळ्या मासळीचा. एवढ्यावरून कुणाच्या नशिबी जन्माचं पथ्य लावू नये.

आईचं हे सगळं सुरू होण्याच्या कितीतरी आधी माझ्या धाकट्या भावाची गोष्ट उलट्या दिशेने गेली होती. तो पाळण्यात होता तेव्हाच त्याच्या गालांवर आणि कोपरांच्या घडीत इसब होतं. रात्रभर खाजवायचा, आई त्याच्या हातांना मऊ फडकी बांधून ठेवायची. वर्षाचा झाल्यावर अंड्याने ओठ सुजले. तीन-चार वर्षांचा झाला आणि बाळदमा सुरू झाला. छातीतली ती शिट्टी माजघरातून ओटीवर ऐकू यायची. वैद्यकात याला अ‍ॅलर्जीची वाटचाल म्हणतात. आधी कातडी, मग अन्न, मग श्वासनळी, मग नाक. प्रत्येक मूल या वाटेवरून शेवटपर्यंत जात नाही, पण कोरडी, भेगाळलेली कातडी हे या वाटेचं पहिलं दार आहे, असं आता बरंच स्पष्ट झालं आहे. तुटक्या कातडीतून आत गेलेला अन्नाचा कण शरीराला परका वाटतो आणि तोंडावाटे पोटात गेलेला तोच कण बहुधा आपला वाटतो.

ही शेवटची गोष्ट वाचली तेव्हा मी खूप वेळ तिच्यापाशी थांबले होते. तीच वस्तू, तेच शरीर, आणि कोणत्या दाराने आत आली यावर ती पाहुणी की चोर हे ठरतं. लंडनमधले डॉक्टर गिडियन लॅक यांना एक गोष्ट खटकली होती. इस्राएलमधल्या मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी फार थोडी, आणि ब्रिटनमधल्या त्याच वंशाच्या ज्यू मुलांमध्ये ती जवळजवळ दहापट. इस्राएलची मुलं बाळपणापासून शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चघळत होती. ब्रिटनमध्ये आयांना शेंगदाणे लांब ठेवायला सांगितलं जात होतं. मग त्यांनी इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा खाऊ घालायला सुरुवात केली, अर्ध्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत दिला नाही. २०१५ साली निष्कर्ष आला: खाणाऱ्यांमध्ये अ‍ॅलर्जी न खाणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी. डॉक्टरांनी अनेक वर्षं दिलेला सल्ला त्यानंतर फिरवावा लागला. आपल्या घरांत सहाव्या महिन्यात उष्टावण होतं आणि घरचं अन्न बाळाच्या जिभेला लागतं, ही रीत मला या शोधानंतर आणखी प्रिय झाली. मात्र बाळाला अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो. आणि अंगावर मोठं इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

भावाचं अंडं सहाव्या-सातव्या वर्षी सुटलं. म्हणजे बाधायचं सुटलं. आधी केकमधलं, भाजलेलं अंडं चाललं, मग उकडलेलं. दूध आणि अंडं बाधणाऱ्या बहुतेक मुलांचं असंच होतं. शेंगदाण्याच्या बाबतीत पाचातल्या एकालाच हे सुख मिळतं. मिसरूड फुटलं आणि त्याचा दमाही गेला. घरच्यांना वाटलं, कबड्डीने गेला. खरं तर लहानपणी दमा मुलग्यांना मुलींपेक्षा जास्त होतो आणि वयात येताना पारडं फिरतं. मोठेपणी दमेकरी बायकांची संख्या पुरुषांहून जास्त असते. याची कारणं संप्रेरकांत आहेत, आणि मुलग्यांच्या श्वासनळ्या लहानपणी तुलनेने अरुंद असतात हेही एक. भावाच्या चाळिशीत, मुंबईला नोकरी करताना, ती शिट्टी परत आली. तिला गेलेली म्हणणं चूक होतं, दबून बसली होती म्हणणं बरोबर. आता तो रोज सकाळी श्वासातून घ्यायचं औषध घेतो आणि लोकलच्या पुलाचे जिने चढतो.

तर पोट पुष्कळदा विसरतं. छाती विसरल्यासारखं करते. कातडी मात्र विसरत नाही, आणि कातडीची गोष्ट मी जवळून पाहिली ती आत्याच्या घरी.

आत्याचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सासवडजवळ शेती करायचे. ज्वारी, घेवडा, थोडं अंजीर. त्यांच्या बांधावर, पाटाच्या कडेला, पडीक तुकड्यात गाजर गवत मातलेलं असायचं. पानं गाजरासारखी, फुलं पांढरी, तांदळाच्या कणीएवढी. हे गवत आपलं नव्हे, मेक्सिकोच्या बाजूचं. पुण्यात त्याची पहिली नोंद १९५५-५६ च्या सुमाराला झाली. अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणूनच त्या काळच्या सत्ताधारी पक्षाचं नाव त्याला चिकटलं आणि ते काँग्रेस गवत झालं, असं म्हणतात. एका झाडाला हजारो बिया. दोन-तीन दशकांत ते देशभर पसरलं. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगेरा १९८४ साली त्याच्यावर सोडला गेला. तो अजूनही पावसाळ्यात पानं कुरतडताना दिसतो. गवत काही हटलं नाही.

अण्णा हे गवत हातांनी उपटायचे. तरुणपणापासून, उघड्या हातांनी, बंडी घालून, भर उन्हात. कधी काही झालं नाही. त्यांच्या पोरांनीही उपटलं, त्यांनाही काही झालं नाही. मग पंचावन्नच्या आसपास एका उन्हाळ्यात त्यांच्या पापण्या सुजल्या. मानेच्या दोन्ही बाजू, कोपरांची घडी, गुडघ्यांमागची जागा, जिथे जिथे घाम साचतो तिथे कातडी लाल, मग खरखरीत, मग काळपट आणि जाड झाली. पावसाळ्यात गवत फुलावर आलं की खाज असह्य. पुढे पुढे गवताला हात लावायचीही गरज उरली नाही. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्याबरोबर उडून अंगावर बसायचा, तेवढा पुरे व्हायचा. नंतर नुसतं ऊन लागलं तरी चेहरा भाजल्यासारखा व्हायचा.

पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा आजार १९७० च्या दशकातच ओळखून लिहून ठेवला होता. तो बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या, शेतात राबणाऱ्या पुरुषांना होतो. त्यात आयजीईचा मुख्य हात नसतो. गवतातलं पार्थेनिन नावाचं रसायन कातडीत शिरतं आणि तिथल्या रोगप्रतिकारक टी पेशी त्याची खूण पटवून ठेवतात. ही खूण पटायला वर्षं लागतात. पटली की पुढच्या स्पर्शानंतर दोन दिवसांत कातडी पेटते. म्हणूनच पाठीवर पट्ट्या चिकटवून करायच्या चाचणीत पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि मग बघतात. अण्णांची पाठ बघितली तेव्हा एका चौकोनाखाली लाल, फोडांनी भरलेला डाग होता. बाकीची पाठ गोरीपान, उन्हाने न पाहिलेली.

यावर उपाय एकच, दूर राहणं. आणि शेतकऱ्याने शेतापासून दूर कुठे राहायचं? हा प्रश्न अण्णांनी कधी तोंडाने विचारला नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला पंचा, संध्याकाळी अंग धुऊन कपडे वेगळ्या बादलीत, डॉक्टरांची गोळी आणि मलम. एवढं करूनही भाद्रपदात ते दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसायचे. रान ऐन भरात असायचं आणि धनी घरात. शेवटी थोरल्याने शेत ताब्यात घेतलं. मला या आजाराचा राग येतो, आणि तो राग गवतावर कमी, दुर्लक्षावर जास्त आहे. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, रेल्वेच्या रुळांलगत आजही हे गवत कंबरेएवढं वाढलेलं असतं आणि मजूर बाया ते हातमोज्यांशिवाय उपटत असतात. त्यांच्यातल्या कुणाच्या कातडीत खूण पटत आली आहे, हे बाहेरून दिसत नाही. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा, एवढं तर देता येईल.

बायकांच्या कातडीवर वयाचे टप्पे वेगळ्या वस्तूंनी उमटतात. कॉलेजात खोट्या कानातल्यांतलं निकेल. कानाची पाळी ओली होते, आणि मग आयुष्यभर घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण, सगळं सांभाळावं लागतं. लग्नानंतर टिकलीचा डिंक. त्यातल्या काही रसायनांनी कपाळावर पांढरा डाग पडतो, तो कोड समजून सासरी किती बायकांनी काय काय ऐकून घेतलं असेल. आणि केस पिकले की काळा रंग. त्यातलं पीपीडी हे रसायन पहिल्या-दुसऱ्या वेळी गुमान राहतं आणि कित्येक वर्षांनी, घरात कार्य असताना, चेहरा सुजून डोळे मिटतात. पाकिटावर कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस थांबायला सांगितलेलं असतं. आदल्या रात्री केस रंगवणाऱ्या घाईत ते दोन दिवस कुणाकडे नसतात.

देश बदलला तरी शरीराला नव्या ओळखी कराव्या लागतात. माझी मावसबहीण दादरहून मेलबर्नला गेली. पहिले दोन-तीन वसंत ती नव्या फुलांचे फोटो पाठवत होती. मग शिंका सुरू झाल्या, डोळ्यांना पाणी. तिथल्या कुरणांत रायग्रास नावाचं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परागांचे लोट सोडतं, आणि आशियातून गेलेल्या माणसांना त्याचा त्रास राहण्याच्या वर्षांबरोबर वाढत जातो, हे तिथल्या डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं. ओलाव्याने पराग फुटले, त्यांचे बारीक कण वाऱ्याने जमिनीलगत आणून सोडले. एरवी नाकातच अडकणारे पराग आता फुफ्फुसांच्या तळापर्यंत गेले. काही तासांत हजारो लोक इस्पितळांत पोहोचले, दहा जण दगावले. ज्यांना कधी दमा नव्हता, फक्त शिंका यायच्या, असे त्यांत पुष्कळ होते, आणि भारत, श्रीलंका या बाजूंच्या माणसांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होतं. बहीण त्या संध्याकाळी ऑफिसात होती, खिडक्या बंद. आता ती वसंतात वादळाचा इशारा आला की घराबाहेर पडत नाही.

आणि म्हातारपण? छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी पेशी शिकून तयार होतात. तारुण्यापासूनच ती आकसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. म्हाताऱ्या शरीरात नव्या शिकणाऱ्या पेशी थोड्या आणि जुन्या आठवणींच्या पेशी जास्त असतात. आयजीईही सरासरीने उतरतं. टोचणीच्या चाचणीतली गांधी लहान येते. कित्येकांच्या परागांच्या शिंका साठीनंतर नरमतात, हे सुखच. पण नाक गळायचं थांबत नाही. गरम आमटीचा पहिला भुरका घेतला की आजोबा रुमाल शोधतात, त्यामागे अ‍ॅलर्जी नसते. ते नाकातल्या मज्जातंतूंचं काम. त्यावर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेत राहणं व्यर्थ, आणि अ‍ॅव्हिलसारख्या जुन्या गोळ्या तर धोक्याच्या. तरुणाला त्यांनी झोप येते. सत्तरीच्या माणसाला भ्रम होतो, तोल जातो, प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडते. रक्तदाबावरच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कुणाला कोरडा खोकला लागतो, आणि वर्षानुवर्षं निमूट घेतलेल्या गोळीने अचानक ओठ-जीभ सुजू शकते. तेव्हा आईसारखंच कुणी म्हणतं, इतकी वर्षं घेतोय, गोळीने कसं होईल?

माझ्या स्वतःच्या केसपेपरवर लहानपणापासून लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: पेनिसिलिन वर्ज्य. तापात इंजेक्शन दिलं, अंगावर पुरळ उठलं, म्हणून. ती ओळ शाळेच्या दाखल्यासारखी माझ्याबरोबर गावोगाव फिरली. दोन वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ बाईंनी ती वाचली आणि विचारलं, "ताई, हे पुन्हा कधी तपासलंय का?" तोवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्यांनी सांगितलं, पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जीसुद्धा दहा वर्षांत पाचातल्या चौघांची मावळते. आणि लहानपणी उठलेलं पुरळ पुष्कळदा तापाच्या विषाणूचंच असतं. नावापुढे अशी ओळ असलेल्यांची नीट तपासणी केली तर दहातले नऊ जण औषध सोसतात. इस्पितळात आधी कातडीवर चाचणी झाली, मग देखरेखीखाली तोंडाने गोळी. मी बाकावर बसून राहिले, नर्सबाई येऊन नाडी बघून जात होत्या. काही झालं नाही. केसपेपरवरची ती ओळ बाईंनी माझ्यासमोर खोडली आणि खाली तारीख घालून सही केली.

हे लिहायचं कारण तेच. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या कागदांवर अशी जुनी ओळ असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती दाखवा आणि पुन्हा तपासता येईल का विचारा. तिच्यापायी जास्त महाग, जास्त जालीम औषधं घ्यावी लागतात. घरी मात्र प्रयोग करू नका. लहानपणी अंडं बाधणारं मूल आता शाळेत जात असेल, तर त्याचंही पथ्य तपासून घ्या. त्याला उगाच जन्मभर पंक्तीतून उठवू नका. आणि उतारवयात, आयुष्यभर खाल्लेल्या पदार्थाने कुणाचे ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली, भोवळ आली, तर "पित्त असेल" म्हणून आमसुलाचं पाणी लावत बसू नका. माणसाला आडवं करा, धाप फार असेल तर बसतं ठेवा, आणि तडक इस्पितळात न्या. तिथे मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.